श्यामची आई आणि चंचल मूल

मराठी मध्यमवर्गाच्या कपाटांत पोथ्यांच्या शेजारीं जें एक गद्य पुस्तक हटकून आढळतें, तें साने गुरुजींचें 'श्यामची आई' होय. १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या पांच दिवसांत लिहिलेलें आणि १९३५ मध्यें प्रसिद्ध झालेलें हें पुस्तक आतां नव्वद वर्षांचें झालें आहे. अद्यापहि तें मुंजींत, वाढदिवशीं व बक्षीस-समारंभांत दिलें जातें. मुलांनीं वाचावें म्हणून आपण तें देतों असा समज आहे. वस्तुतः तें आयांना दिलेलें असतें; आई कशी असावी याचा तो एक सर्वमान्य दाखला होऊन बसला आहे. ग्रंथाचें परीक्षण करतांना तो काय सांगतो हें जसें पाहावें, तसें लोक त्याचा उपयोग कशासाठीं करतात हेंहि पाहावें. ललित कृति म्हणून 'श्यामची आई'ची स्तुति आणि निंदा दोन्ही पुष्कळ झाल्या आहेत. भाबडेपणाचा आरोपहि जुना झाला. पालकांचें पाठ्यपुस्तक म्हणून मात्र तिची परीक्षा क्वचितच कोणी घेतली असेल. ती येथें घेण्याचा विचार आहे, आणि तीहि सर्व पालकांच्या वतीनें नव्हे, तर एका विशेष अडचणींत सांपडलेल्या पालकांच्या वतीनें.

ते पालक कोण तें सांगतों. परळच्या भोईवाड्यांतून थोडें चालत गेलें कीं मुंबईचीं दोन मोठीं रुग्णालयें लागतात: १९२६ पासून चालत आलेलें के. ई. एम. आणि १९२९ पासूनचें वाडिया बालरुग्णालय. मुलाला ताप नाहीं, खोकला नाहीं, खाणेंपिणें उत्तम, आणि तरीहि आई त्याला घेऊन बांकावर नंबराची वाट पाहत बसली आहे, असें दृश्य अशा ठिकाणीं आतां अपूर्व राहिलेलें नाहीं. मूल अर्थात् बांकावर नसतें; तें बांकाच्या खालीं, दाराच्या कडीशीं किंवा दुसऱ्याच कोणाच्या मुलाच्या खेळण्यापाशीं असतें. आईच्या पिशवींत शाळेची चिठ्ठी असते, आणि तिच्या चेहऱ्यावर, चिठ्ठी न वाचतांहि समजावा, असा अपराधीपणा असतो. या मुलाला आपण सोयीसाठीं बंडू म्हणूं.

बंडूला जें आहे त्याचें लांबलचक इंग्रजी नांव टाकून आया त्याला नुसतें 'एडीएचडी' म्हणतात. मराठींत अवधान-न्यूनता व अतिचंचलता म्हणतां येईल. लंडनचे बालवैद्य जॉर्ज स्टिल यांनीं १९०२ मध्यें तेथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्यें व्याख्यानें देऊन, बुद्धि शाबूत असतांहि स्वतःला आवरतां न येणाऱ्या मुलांचें वर्णन केलें, आणि त्या उणिवेला नैतिक नियमनाची उणीव म्हटलें. स्टिलसाहेबांचा हेतु चांगला होता. 'नैतिक' या शब्दानें मात्र पुढें पुष्कळ घोटाळा केला. अमेरिकन मनोवैद्यांच्या सूचींत या अवस्थेचें नांव १९६८ मध्यें एक होतें, १९८० मध्यें दुसरें झालें, आणि आजचें नांव १९८७ पासूनचें आहे. जगभरच्या पाहण्यांवरून शंभर मुलांत सुमारें पांचांना ही अवस्था असते. जुळ्यांच्या अभ्यासावरून तींत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरांत निघतो. म्हणजे आईनें लाड केले म्हणून किंवा बापानें धाक ठेवला नाहीं म्हणून ती उद्भवत नाहीं. हें वाक्य चाळीच्या प्रत्येक जिन्यावर लिहून ठेवण्याजोगें आहे. (आनुवंशिकतेचा आणखी एक अर्थ असा कीं ज्या बापाला बंडूचें वेळापत्रक सांभाळावयास सांगितलें जातें, तो स्वतःची छत्री महिन्यांतून दोनदां लोकलमध्यें विसरून येणारा असूं शकतो. वैद्यांनीं याची आठवण ठेवावी.)

परंतु आपल्या विवेचनाला सर्वांत उपयोगी पडणारा विचार रसेल बार्कले या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा आहे. त्यांच्या मतें या मुलाची उणीव ज्ञानाची नसून आचरणाची आहे. काय करावें हें त्याला ठाऊक असतें. ठाऊक असलेलें ऐन क्षणीं हातून घडत नाहीं. म्हणून त्याला मदत करावयाची ती उपदेशाच्या वेळीं नव्हे, तर कृतीच्या ठिकाणीं आणि कृतीच्या क्षणीं. हा एक मुद्दा ध्यानांत धरला कीं आपलें बरेंचसें संस्कार-वाङ्मय एकदम वेगळ्या उजेडांत दिसूं लागतें.

आधीं भाषेचेंच पाहा. अशा मुलासाठीं मराठींत शब्दांचा तुटवडा नाहीं: द्वाड, व्रात्य, वांड, हूड, खोडकर, उनाड, नाठाळ, टारगट. यांतले कांहीं लाडानेंहि उच्चारले जातात, पण लाडानें असो वा रागानें, हे सारे शब्द निकाल देणाऱ्याचे आहेत. नुसतें पाहणाऱ्याचा त्यांत एकहि नाहीं. 'अवखळ' तेवढा वेगळा. तो ओढ्यालाहि लागतो आणि मुलालाहि, आणि ओढ्याला वाहण्याबद्दल कोणी दोष देत नाहीं. दुसऱ्या बाजूला 'वेंधळी' आणि 'धांदरट' हे शब्द आहेत. ते जिच्या वांट्याला येतात ती मुलगी उड्या मारीत नाहीं, वर्गांत गडबड करीत नाहीं. खिडकीबाहेर पाहत बसते आणि वही घरीं विसरते. तिलाहि हीच अवस्था असूं शकते. पण तिचा त्रास कोणाला होत नसल्यामुळें तिला रुग्णालयांत कोणी आणीत नाहीं, आणि वेंधळी या शब्दावरच तिचें निदान संपतें.

परंपरेची गंमत तर याहून मोठी आहे. गोकुळाष्टमीला लालबाग-दादरच्या रस्त्यांवर ज्या खोड्यांचा आपण थर रचून उत्सव करतों, त्या खोड्या करणारें मूल शेजारच्या बिऱ्हाडांत असलें तर आपण दार लावून घेतों. गौळणींच्या तक्रारी आपल्याला गोड लागतात, कारण त्या दुसऱ्याच्या मुलाबद्दल आहेत. यशोदेनें अखेर मुलाला उखळाला बांधलें. त्या उपायाचें फलित काय झालें तें भागवतांत नमूद आहेच: उखळ ओढीत नेऊन त्यानें दोन झाडें पाडलीं.

आतां 'श्यामची आई'कडे वळूं. पुस्तकाची रचना बेचाळीस रात्रींची आहे. आश्रमांतला मोठा झालेला श्याम मित्रांना एकेका रात्रीं आईची एकेक आठवण सांगतो. पाठ्यपुस्तक म्हणून तें वापरतांना ही रचना विसरली जाते, आणि घोटाळा तेथेंच होतो. या पुस्तकांत मूल बोलत नाहीं आणि आईहि बोलत नाहीं. आई जाऊन पुष्कळ वर्षें झालेला मुलगा बोलतो. गुरुजींच्या मातोश्री १९१७ मध्यें वारल्या, आणि पुस्तक लिहिलें गेलें तें सोळा वर्षांनीं. ज्या शब्दांनीं आपण पालटलों ते शब्द अशा मुलाला आठवतात. जे शब्द वाऱ्यावर गेले ते कोणाच्याच आठवणींत राहत नाहींत. शोकानें निवडलेल्या बेचाळीस रात्री वाचून आपल्याला वाटतें कीं त्या माउलीचा एकहि शब्द वायां गेला नसावा. ललित लेखकाचा हा हक्कच आहे. पाठ्यपुस्तकाला तो नाहीं.

तळपायांचा प्रसंग सर्वांना पाठ आहे. न्हाऊन झाल्यावर ओल्या पायांना माती लागूं नये म्हणून आईनें धोंडीवर ओचे पसरावे असा श्याम हट्ट धरतो. आई ओचे पसरते, आणि पायांना जपतोस तसें मनालाहि जप, असें सांगते. या प्रसंगाचें सौंदर्य नाकारण्याचें कारण नाहीं. पण त्यांत गृहीत धरलेलें मूल कसें आहे तें पाहावें. शब्द एकदां कानावर पडला कीं तो आंत जाऊन बसतो, योग्य वेळीं उठतो आणि हात धरतो, असें तें मूल आहे. दुर्दैवानें बंडू तसा नाहीं. तो निगरगट्ट आहे म्हणून नव्हे. आईचे डोळे भरलेले पाहिले तर तो श्यामइतकाच, कदाचित् श्यामहून लवकर रडेल, गळ्यांत हात टाकून 'पुन्हां नाहीं करणार' म्हणेल, आणि तें अगदीं खरें असेल. दहा मिनिटांनीं तो गॅलरीच्या कठड्यावर चढलेला असेल. त्या क्षणीं आईचे अश्रू त्याच्या मनांत कोठेंतरी आहेत. हात धरण्यापुरते ते वेळेवर पोंचले नाहींत, इतकेंच.

या ठिकाणीं पुस्तकाचा उपद्रव सुरू होतो. बंडूची आई विचार करते: श्याम पाझरला, हा पाझरत नाहीं, तेव्हां याच्यांत तरी खोट आहे किंवा माझ्यांत तरी. ती आणखी रडून पाहते, आणखी समजावून पाहते, शेवटीं मारून पाहते, आणि रात्रीं मूल झोंपल्यावर त्याच्या केसांवरून हात फिरवीत बसते. आपल्या कितीतरी घरांतलें हें रोजचें चक्र आहे.

आणि तरीहि मी हें पुस्तक फेंकून द्या असें म्हणणार नाहीं. कारण त्याच पुस्तकांत एक दुसरी आई आहे, आणि तिच्याकडे आपलें लक्षच गेलेलें नाहीं. पोहण्याचा प्रसंग आठवावा. पाण्याला भ्यालेला श्याम माळ्यावर लपून बसतो, आई शिंपटीनें मारून त्याला खालीं आणते आणि विहिरीवर पाठवते. या माराचें समर्थन आज कोणी करूं नये. शाळेंत तर शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना २००९ च्या शिक्षण-हक्काच्या कायद्यानें बंदी केली आहे. पण मारापुढचा भाग पाहा. पोहून घरीं आलेल्या श्यामसाठीं आईनें त्याच्या आवडीचें दही ठेवलेलें असतें. कृति कोणती, ती केव्हां झाली आणि तिच्याबद्दल काय मिळालें, याविषयीं मुलाच्या मनांत तिळमात्र शंका राहत नाहीं. पत्रावळीच्या प्रसंगांतहि तसेंच आहे: उपदेशानें काम होत नाहीं, घरांतल्यांच्या हाताखालीं बसून पान लावतां लावतां श्याम शिकतो. अमळनेरच्या छात्रालयांत गुरुजी स्वतः मुलांच्या खोल्या न बोलतां झाडीत असत हें प्रसिद्धच आहे. म्हणजे आईची ही बाजू त्यांच्याहि अंगीं उतरली होती. आपण वाचकांनीं त्या पुस्तकांतून अश्रू तेवढे उचलले, कांहींनीं शिंपटी उचलली, आणि दही तेथेंच ठेवलें.

आज पालकांना जें वर्तन-मार्गदर्शन दिलें जातें त्याचें सार या दह्यांत आहे. पण त्याच्या मुळाशीं असलेलें निरीक्षण दह्याहून तिखट आहे. ऑरेगॉन येथील जेराल्ड पॅटरसन यांनीं घराघरांत जाऊन आईबाप व मुलें यांचे व्यवहार टिपले, आणि १९८२ मध्यें त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांचा सिद्धान्त समजण्यास ऑरेगॉनला जाण्याची आवश्यकता नाहीं. सकाळीं सहाच्या सुमारास चाळींत कान देऊन उभें राहावें. 'बंडू, ऊठ.' 'बंडू, अरे ऊठ, पाणी जाईल.' तिसरी हांक, चौथी, पांचवी. सहाव्या हांकेला आईचा आवाज दोन मजले ऐकूं जाईल इतका चढतो आणि बंडू उठतो. या एका सकाळींत दोघेहि एकेक धडा शिकले. सहाव्या हांकेपर्यंत उठण्याचें कारण नाहीं हें बंडू शिकला. ओरडल्याशिवाय हा उठत नाहीं हें आई शिकली. उद्यां दोघेहि आपापला धडा म्हणून दाखवतील. उलट एखाद्या दिवशीं आईच थकते आणि 'जाऊं दे, नको येऊंस' म्हणते. तेव्हां बंडू आणखी एक गोष्ट शिकतो, कीं पुरेसा वेळ चिवटपणा केला तर मोठीं माणसें हरतात. यांत कोणी दुष्ट नाहीं. दोघेहि तात्पुरत्या सुटकेच्या मोबदल्यांत उद्यांचें भांडण विकत घेत आहेत.

यांतून सुटण्याचे जे उपाय सांगितले जातात ते कागदावर इतके साधे दिसतात कीं शिकलेल्या माणसाला त्यांची लाज वाटते. उदाहरणार्थ आज्ञा देण्याची रीत. 'बंडू, आवर लवकर, दप्तर भर, डबा घे, आणि कालच्यासारखें तोंड करूं नकोस' या एका वाक्यांत तीन आज्ञा आणि एक जुनी फिर्याद आहे. बंडूपर्यंत त्यांतलें शेवटचें तेवढें पोंचतें. त्याऐवजीं त्याच्याजवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून, 'बंडू, बूट घाल' एवढेंच म्हणावें. बूट चढले कीं पुढची आज्ञा. स्वयंपाकघरांतून ओरडून सांगितलेली आज्ञा ही या मुलाच्या बाबतींत दिलेलीच नाहीं असें समजावें.

स्तुतीची गोष्ट अधिक बिकट, आणि येथें आपला स्वभाव आड येतो. तोंडावर स्तुति करूं नये, मूल शेफारतें, दृष्ट लागते, अशी आपली समजूत. आईबापांच्या कोशांत स्तुतीचा शब्द एकच, 'शाब्बास', आणि तोहि निकालाच्या दिवसापुरता राखून ठेवलेला. बंडूच्या निकालांत तो उच्चारण्याची पाळी बहुधा येतच नाहीं. जाणत्यांचें म्हणणें असें कीं स्तुति लगेच करावी, थोडी करावी, वारंवार करावी, आणि कशाबद्दल आहे तें नांव घेऊन करावी: 'पहिल्याच हांकेला आलास', 'पेन्सिल पडली ती न रडतां उचललीस'. मराठींत अशीं वाक्यें बोलतांना जीभ अडखळते, कारण तीं आपल्याशीं कोणीच कधीं बोललेलें नाहीं. पण निंदा मात्र आपण किती तपशिलानें करतों! तारीख, वार, साक्षीदार, सर्व.

स्तुतीबरोबर कांहीं दृश्य खूण असावी, असेंहि सांगतात. त्यासाठीं परदेशी चकत्या नकोत. बरणींत चिंचोके टाकावेत: ठरलेलें काम झालें कीं एक चिंचोका, रात्रीं तितके चिंचोके मोजून कॅरमचा एक डाव किंवा एक गोष्ट. यावर शेजारच्या काकूंचा आक्षेप ठरलेला: 'ही लांच झाली!' लांच ती कीं जी गैर कामासाठीं देतात, किंवा रडणें थांबावें म्हणून आधींच हातावर ठेवतात. कामानंतर ठरल्याप्रमाणें मिळतो तो मेहनताना. आणि काकूंच्या यजमानांनाहि पगार एक तारखेलाच लागतो. बंडूचा महिना दहा मिनिटांचा आहे, एवढाच फरक. ज्यांना चिंचोक्यांत पोरखेळ दिसतो त्यांनीं घरांतली जपमाळ पाहावी. मन चंचल आहे ही तक्रार अर्जुनानें केली आणि तिला उत्तर म्हणून त्याला अभ्यास व वैराग्य सांगण्यांत आलें. वैराग्य सात वर्षांच्या मुलाकडे मागतां येत नाहीं. राहिला अभ्यास, आणि अभ्यास मोजावयाला आपल्या पूर्वजांनीं मणी घेतले. प्रत्येक नामाला एक मणी पुढें सरकतो तो भटकणाऱ्या मनाला बाहेरून आधार म्हणूनच ना? समर्थांनींहि मनाला २०५ श्लोक सांगितले ते त्याला सज्जन म्हणून हांक मारून. द्वाड म्हणून नव्हे.

येथवर परदेशी विद्येशीं माझें भांडण नाहीं. तें सुरू होतें खोलीपाशीं. या विषयावरचीं पुस्तकें ज्या घरासाठीं लिहिलीं गेलीं त्या घरांत मुलाला स्वतंत्र खोली असते. मूल अनावर झालें कीं त्याला थोडा वेळ, साधारण वयाच्या एका वर्षास एक मिनिट या हिशेबानें, सर्व गंमतींपासून व सर्वांच्या लक्षापासून दूर बसवावें असा त्यांचा सल्ला. भोईवाड्याला लागून असलेल्या नायगांवच्या बी. डी. डी. चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. ह्या चाळी शंभर वर्षांपूर्वींच्या. त्या पाडून उंच इमारती बांधण्याचें काम चाललें आहे, पण आपली राहण्याची रीत अजून त्या मापाची आहे. अशा घरांत 'सर्वांपासून दूर' अशी जागाच नाहीं. बाहेर गॅलरींत बसवावें तर तेथें संपूर्ण मजल्याचें लक्ष. एकांताच्या ऐवजीं तें धिंडवड्याचें ठिकाण होतें, किंवा बंडूसारख्याला रंगभूमि. तेव्हां या उपायाचा अर्थ आपल्याकडे जागा बदलणें असा नसून लक्ष काढून घेणें असा करावा लागतो: दाराजवळ एक पाट, त्यावर सात मिनिटें, आणि त्या सात मिनिटांत घरांतलें कोणीहि त्याच्याशीं बोलणार नाहीं, रागावणारहि नाहीं. हें अवघड आहे. आजी बोलतेच. भोईवाड्यांत सरकारनें एक न्यायालय ठेवलें आहे. आपल्या घरांत मात्र तीन असतात. आईनें शिक्षा द्यावी, आजीनें अपिलांत ती रद्द करून वर लाडू द्यावा, आणि संध्याकाळीं बापानें येऊन आईला व आजीला दोघींना दोष द्यावा. साधें मूल या तीन न्यायालयांतून वाट काढूं शकतें. बंडूला कोणत्या कृतीचें फळ कोणतें हेंच कळेनासें होतें, आणि ज्याला कृति व फळ यांची सांगड घालणें आधींच जड जातें त्याचा तो एकमेव आधारहि आपण काढून घेतों. म्हणून पालकांचें शिक्षण असें जेथें म्हणतात तेथें आपण आजीसुद्धां असें वाचावें.

हें सगळें आपल्याला अगदींच नवें होतें असें नाहीं, ही मला खरी खंत वाटते. गिजुभाई बधेका यांचें 'दिवास्वप्न' हें गुजराती पुस्तक 'श्यामची आई'च्याच दशकांतलें. त्यांतला शिक्षक पहिल्याच दिवशीं वर्गाला शांततेचा खेळ शिकवावयास जातो आणि त्याची पुरती फजिती होते. दुसऱ्या दिवशीं तो गोष्ट सांगूं लागतो आणि तीच मुलें चित्रासारखीं बसतात. मुलें दुष्ट आहेत असा निष्कर्ष न काढतां तो आपली रीत बदलतो, यांत त्या पुस्तकाचें सगळें मोल आहे. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं १९३६ मध्यें दादरला शिशुविहार सुरू केलें. भोईवाड्यापासून तें चालण्याच्या अंतरावर. १९३७ मध्यें मुंबईंतच, सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें निघालेल्या समाजकार्याच्या विद्यालयानें बाल-मार्गदर्शन केंद्र उघडलें, आणि त्याच वर्षीं अमेरिकेंत ऱ्होड आयलंड येथें चार्ल्स ब्रॅडली यांनीं अशा मुलांवर बेंझेड्रिन या औषधाचा अनपेक्षित चांगला परिणाम झाल्याचें प्रसिद्ध केलें. १९३५ मध्यें पुस्तक, १९३६ मध्यें शाळा, १९३७ मध्यें केंद्र. यांतलें पुस्तक आपण घरोघरीं नेलें, शाळा तीन वर्षांच्या मुलांपुरती मानली, आणि केंद्र कोठें आहे हें विचारावयासहि विसरलों.

औषधाबद्दल दोनच शब्द, कारण तो माझा प्रांत नव्हे. आईबाप नीट वागले तर औषध लागणारच नाहीं, अशी एक गोड समजूत सध्यां पसरत आहे, ती खरी नाहीं. १९९९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासांत सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांवर चौदा महिने निरनिराळे उपचार करून पाहिले. मूळ लक्षणांच्या बाबतींत काळजीपूर्वक दिलेलें औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षां सरस ठरलें. दोहोंचा संयोग केल्यास कमी मात्रेवर भागलें. अमेरिकन बालवैद्यांच्या संस्थेचा २०१९ चा सल्ला असा कीं चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या बाबतींत आधीं पालकांना शिकवावें, आणि त्यापुढें औषध व वर्तनोपचार बरोबरीनें चालवावेत. जे लोक औषधाला भितात तेच छडीला भीत नाहींत, हें मात्र मला कधीं उमगलेलें नाहीं.

आतां पुन्हां वाङ्मयाकडे. आपल्या कथा-चित्रपटांतला खोडकर किंवा मागें पडलेला मुलगा अखेर क्षमेस पात्र ठरतो तो कशामुळें? २००७ च्या 'तारे जमीन पर' या हिंदी चित्रपटानें वाचनाची अडचण असलेल्या मुलाकडे लाखो पालकांना नव्या नजरेनें पाहावयास लावलें, हें त्याचें श्रेय मोठें. पण त्या मुलाची सुटका होते ती तो अलौकिक चित्र काढतो म्हणून. श्यामचे हट्ट आपल्याला गोड वाटतात ते तो पुढें साने गुरुजी झाला म्हणून. आपलें वाङ्मय अशा मुलाकडून मोठेपणाचें तारण मागतें, आणि मगच त्याचें बालपण सोडवून देतें. बंडूला चित्र येत नाहीं, गाणें येत नाहीं, आणि बहुधा तो पुढें कोठल्यातरी कचेरींत साधी नोकरी करील. त्याच्या सहाव्या हांकेची, हरवलेल्या पेन्सिलींची आणि पाटावरच्या सात मिनिटांची गोष्ट, पुढें तो कोण झाला हें न सांगतां, मराठींत कोणी लिहील काय?

ती लिहावी कशी याचा नमुना शोधूं गेलों तर तो मुलांच्या पुस्तकांत सांपडत नाहीं. सांपडतो लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त. रेव्हरंड टिळकांचें रोगनिदान करण्याचा उद्धटपणा मी करणार नाहीं. पण क्षणांत संतापणारा, क्षणांत विरघळणारा, हातांतला पैसा देऊन टाकणारा आणि न सांगतां घरांतून चालता होणारा मनुष्य त्या पुस्तकांत आहे, आणि त्याच्याबरोबर संसार करणारी, हंसणारी, चिडणारी, पण स्वतःला अपराधी न मानणारी बाई आहे. तिला त्याला अश्रूंनीं पालटावयाचें नाहीं. तो असा आहे हें ती एकदां मान्य करते आणि मग त्या मान्यतेच्या आधारानें घर उभें ठेवते. विनोद हें तेथें अलंकाराचें काम करीत नाहीं. तो तिचा दमसास आहे. या पुस्तकाचा पहिला भाग १९३४ मध्यें, म्हणजे 'श्यामची आई'च्या एक वर्ष आधीं निघाला. वाडियाच्या बांकावर बसलेल्या आईला एकच पुस्तक भेट द्यावयाचें झालें तर मी हें देईन. दुपारीं बंडू शाळेंतून परत येण्यापूर्वीं तिला जो अर्धा तास मिळतो, तेवढ्यांत त्यांतलें एखादें प्रकरण सहज वाचून होतें.